दुर्मीळ जुनी मनगटी घड्याळं आणि लिलाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिलावाचा कॅटलॉग पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला पडणारे आणि चार-पाच लिलाव पाहून झाल्यावरही न सुटणारे असे दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे आहेत. उत्तरं कमी-जास्त लांबीची आहेत. जिथे लोक पैसे गमावतात, तिथे जास्त लिहिलं आहे.

किती जुन्या घड्याळाला व्हिंटेज म्हणायचं?

पक्की रेघ नाही. ढोबळमानाने १९८०च्या दशकापर्यंतची यांत्रिक घड्याळं व्हिंटेज धरतात. रोलेक्स डेटोनाच्या बाबतीत ही सीमा १९८८ला पडते, कारण त्या वर्षी हाताने चावी द्यायची डेटोना बंद होऊन ऑटोमॅटिक आली. त्यानंतरच्या १०-१५ वर्षांतल्या घड्याळांना हल्ली निओ-व्हिंटेज म्हणतात. त्यांच्या किमती वाढायला लागल्या तसं हे नाव जास्त कानावर पडू लागलं, हा योगायोग नसावा.

स्टीलचं घड्याळ सोन्याच्या घड्याळापेक्षा महाग कसं विकलं जातं?

कारण इथे धातूचा भाव कोणी लावत नाही. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १५१८ हे मॉडेल घ्या. १९४१मध्ये आलेलं हे घड्याळ म्हणजे क्रोनोग्राफ (म्हणजे स्टॉपवॉच) आणि पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्यांचे कमी-जास्त दिवस आणि लीप वर्ष स्वतः सांभाळणारं) एकत्र असलेलं, मालिकेत तयार झालेलं पहिलं मनगटी घड्याळ. १९५४पर्यंत एकूण २८१ नग बनले आणि त्यातले बहुतेक पिवळ्या सोन्याचे. साहजिकच आहे, त्या काळात एवढं गुंतागुंतीचं घड्याळ परवडणारा माणूस स्टीलचं कशाला मागेल? त्यामुळे स्टीलमधले आज फक्त ४ माहीत आहेत. त्यातलं १९४३चं एक २०१६मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावघराच्या लिलावात १ कोटी १० लाख २ हजार स्विस फ्रँकला गेलं. पिवळ्या सोन्याच्या १५१८ला याच्या आसपासही भाव मिळत नाही.

लिलावात सर्वाधिक किमतीला विकलं गेलेलं मनगटी घड्याळही स्टीलचंच आहे: पाटेकचं ग्रँडमास्टर चाइम, २०१९, ३ कोटी १० लाख फ्रँक. मात्र ते नवंकोरं, एकमेव नग म्हणून मुद्दाम घडवलेलं आणि धर्मादाय लिलावात विकलेलं होतं. जुन्या घड्याळाची किंमत मोजताना त्याचं उदाहरण कोणी देऊ लागलं तर तिकडे लक्ष देऊ नका.

म्हणजे दुर्मीळ असलं की भाव आलाच?

छे. जगात मोजकेच नग उरलेली कितीतरी घड्याळं आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही. दुर्मीळपणाला मागणीची जोड लागते, आणि मागणी कधी पन्नास वर्षांनी जागी होते. डेटोनाच्या ज्या डायलला आज अमेरिकन अभिनेता पॉल न्यूमनच्या नावावरून ‘पॉल न्यूमन डायल’ म्हणतात, ती दुकानात होती तेव्हा गिऱ्हाइकांना आवडली नव्हती. उपडायलवरचे चौकोनी टोकाचे खुणांचे ठिपके, दोन-तीन रंग, हे सगळं लोकांना भडक वाटलं. खप नाही म्हणून नग कमी आणि नग कमी म्हणून आजचा भाव.

तरीही दुर्मीळपणा आणि मागणी या दोन्हींच्या वर एक गोष्ट आहे: घड्याळ कारखान्यातून निघालं तसंच्या तसं राहिलं आहे का? एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन नगांत चौपट-पाचपट फरक पडतो तो बहुतेकदा याच कारणाने.

डायल मूळची आहे की नंतर रंगवलेली, हे कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. फोटोवरून बघत असाल तर लिलावघराकडून मोठ्या आकारातले फोटो मागवा, ते देतात.

आधी अक्षरं बघा. मूळ छपाईत अक्षराच्या कडा स्वच्छ असतात आणि शाईला थोडी जाडी असते. पुन्हा छापलेल्या डायलवर अक्षरं पसरट दिसतात, दोन अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त होतं, मिनिटांच्या रेघा तास-खुणांच्या बरोबर मध्यावर बसत नाहीत. पाटेकच्या जुन्या उत्तम डायलवर नाव छापलेलं नसून कोरलेलं असतं आणि त्या खाचेत मीना भरून भाजलेला असतो. तिरपा प्रकाश टाकला की अक्षरं किंचित वर उठलेली दिसतात. अशी डायल कोणी घासून साफ केली असेल तर सगळ्यात आधी बारीक भाग जातात: अक्षरांच्या शेपट्या, जिनिव्हाच्या फ्रेंच नावावरची तिरकी खूण. ती खूण अर्धवट उडालेली दिसली की डायलला कापड नाहीतर रसायन लागलं आहे असं समजा. डायलवरचं नावही तारखेशी जुळायला हवं. १९४८च्या सुमारापर्यंत ‘पाटेक, फिलिप अँड कंपनी’ असं लांबलचक नाव असे, पुढे नुसतं ‘पाटेक फिलिप’ झालं. त्यामुळे १९४०च्या घड्याळावर आखूड नाव दिसलं तर डायल नंतर बदलली आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मग अंधारात वेळ दिसावी म्हणून लावलेला चमकणारा मसाला बघा. डायलवरचा आणि काट्यांवरचा मसाला एकाच वयाचा दिसला पाहिजे. डायलवर पिवळट-तपकिरी आणि काट्यांवर पांढराशुभ्र असेल तर यातलं काहीतरी बदललेलं आहे. अतिनील टॉर्च मारून बंद करा. ट्रिटियम हा जुना किरणोत्सारी मसाला लगेच विझतो. नंतर भरलेला आधुनिक मसाला बराच वेळ चमकत राहतो. डायलच्या खालच्या कडेला स्विस या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी अक्षर असेल तर ती ट्रिटियमची खूण, आणि अशी डायल रात्रभर उजळत असेल तर मामला उघड आहे.

कधी डायलवर काट्याच्या आकाराची गडद सावली दिसते. घड्याळ वर्षानुवर्षं खणात बंद पडून होतं आणि काट्यांवरच्या रेडियम या त्याहून जुन्या किरणोत्सारी मसाल्याने खालची डायल भाजली. नवख्याला हा डाग वाटतो, जाणत्याला दिलासा, कारण डायल आणि काटे इतकी वर्षं एकत्र आहेत याचा तो पुरावा.

काळी डायल तपकिरी झाली तर ती खराब नाही का झाली?

तसं पाहिलं तर झालीच. रंग उन्हाने आणि दमटपणाने उतरला. पण सगळीकडे सारखा, चॉकलेटी छटेचा उतरला असेल तर तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणून दाम वाढवून मिळतो. ठिपक्याठिपक्यांनी उतरला असेल तर ती नुसती खराब डायल. या दोन्हींच्या मधली डायल कॅटलॉगमध्ये हमखास ट्रॉपिकलच म्हणवली जाते. शिवाय हा रंग ओव्हनमध्ये आणणारेही आहेत.

रेडियमचं घड्याळ घालणं धोक्याचं आहे का?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरत. चमक आज विझलेली दिसते ती त्यातला जस्ताचा चमकणारा पदार्थ थकल्यामुळे. रेडियमला काहीही झालेलं नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. न उघडलेलं घड्याळ अधूनमधून घालण्याविषयी संग्राहक फार चिंता करत नाहीत. खरा धोका केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, उघडण्यात आहे, कारण मसाल्याची सुटलेली धूळ श्वासातून किंवा पोटात जाऊ शकते. हे काम घरी करू नये. ट्रिटियमचं अर्धायुष्य जेमतेम १२ वर्षांचं, तिथे हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

पॉलिश केलेली केस वाईट का मानतात? चकचकीत तर दिसते.

पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं, आणि घासलेला धातू परत येत नाही. घड्याळ आडवं धरून बाजूने बघा. पट्टा जिथे बसतो ते चार पाय, म्हणजे लग्ज, कारखान्यातून येतात तेव्हा जाड असतात आणि त्यांच्या कडेवर एक अरुंद तिरपी पट्टी कापलेली असते. दोन-तीन पॉलिश झाले की ती पट्टी नाहीशी होते, कडा गोलावतात, लग्जना पाडलेली भोकं काठाच्या जवळ सरकल्यासारखी दिसतात. सोन्याच्या केसवर छाप कुठे आणि किती खोल आहेत ते बघा, कारण पॉलिशमध्ये सगळ्यात आधी तेच पुसट होतात. ओरखडे असलेली पण जाड, धारदार कडांची केस कधीही बरी.

हल्ली लेझरने धातू भरून कडा पुन्हा घडवतात. काम उत्तम होतं, डोळ्यांना कळतही नाही. तशी केस घ्यायला हरकत नाही, फक्त तसं सांगितलेलं असावं आणि किंमत त्या मानाने असावी.

फ्रँकेन-घड्याळ म्हणजे काय?

वेगवेगळ्या नगांतले भाग जमवून उभं केलेलं घड्याळ. भाग सगळे खरे असू शकतात, खोटी असते ती त्यांची एकत्र कहाणी.

यातून मोठमोठेही सुटलेले नाहीत. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १९५७चं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर आलं. संदर्भ क्रमांक (म्हणजे मॉडेलचा क्रमांक) २९१५-१, तपकिरी झालेली डायल, अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँक. विकलं गेलं ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकला. घेणारी ओमेगाच, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते घड्याळ सुटे भाग जोडून बनवलेलं होतं आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. यात शिकण्यासारखं काय, तर अंदाजाच्या पंचवीसपट भाव आला म्हणून कोणाला शंका आली नाही. उलट ‘एवढे पैसे मोजणाऱ्याने तपासलंच असेल’ असं सगळ्यांनी धरून चाललं.

पेटी आणि कागद असले की अस्सलपणाची खात्री होते का?

किंमत वाढते. खात्री होत नाही. पेट्या वेगळ्या विकत मिळतात, कोरी प्रमाणपत्रंही मिळतात.

त्यापेक्षा कंपनीच्या दप्तराचा उतारा कामाचा. पाटेक फिलिप असा उतारा देते. त्यात घड्याळ कधी बनलं, कधी विकलं गेलं, केस कोणत्या धातूची, डायल कशी होती, असा तपशील असतो. पहिला खरेदीदार कोण हे मात्र त्यात नसतं. लाँजीनच्या नोंदीही चांगल्या जपलेल्या आहेत. रोलेक्स असा उतारा देत नाही, म्हणून रोलेक्सच्या बाबतीत सगळी भिस्त क्रमांकांवर आणि डोळ्यांवर. रोलेक्सच्या जुन्या ऑयस्टर (जलरोधक) केसवर लग्जच्या मध्ये, पट्टा काढल्यावर, एका बाजूला मॉडेलचा आणि दुसऱ्या बाजूला त्या नगाचा क्रमांक असतो. कित्येक केसच्या झाकणाच्या आतही तिमाही आणि वर्ष ठोकलेलं सापडतं. हे एकमेकांशी जुळतात का ते बघायचं.

उताऱ्याबद्दल एक सांगायला हवं. तो कारखान्यातून काय बाहेर पडलं एवढंच सांगतो. आज समोर असलेली डायल तीच का, हे त्या कागदाला माहीत नसतं.

प्रसिद्ध माणसाने वापरलेल्या घड्याळाला जास्त भाव का?

कारण तसं दुसरं असू शकत नाही. पॉल न्यूमनची स्वतःची डेटोना, संदर्भ ६२३९, तिच्या पाठीवर त्याच्या पत्नीने ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचं वाक्य कोरून घेतलेलं. ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती विकली गेली तेव्हा फोनवरच्या एका बोलीदाराने पहिलीच बोली थेट १ कोटी डॉलरची लावली. सुमारे १२ मिनिटांनी हातोडा पडला. बोलीवर चढणारं लिलावघराचं शुल्क, म्हणजे प्रीमियम, धरून किंमत १,७७,५२,५०० डॉलर.

हॉलिवूड अभिनेता मार्लन ब्रँडोच्या रोलेक्स जीएमटीची गोष्ट मला जास्त आवडते. चित्रीकरणात घड्याळ नजरेत भरेल म्हणून घालू नका असं सांगितल्यावर त्याने घड्याळाच्या काचेभोवतीची रंगीत कडी काढून टाकली आणि तसंच घातलं. पाठीवर आपलं नाव स्वतःच ओरबाडलं. इतर कोणत्याही घड्याळावर हे नुकसान म्हणून नोंदलं गेलं असतं. इथे तेच पुरावा ठरलं आणि २०१९मध्ये १९,५२,००० डॉलर आले.

वापरणारा कोण हे सिद्ध करायला त्या काळातला फोटो, कुटुंबाचं पत्र, बिल असं काहीतरी हवं. ‘घरात असं ऐकत आलोय’ याला लिलावात शून्य किंमत.

अंदाज, राखीव किंमत, हातोडा किंमत, हे सगळं काय असतं?

कॅटलॉगमध्ये छापतात तो अंदाज, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा. राखीव किंमत म्हणजे ज्याखाली विकणारा घड्याळ सोडणार नाही तो आकडा. तो गुप्त असतो, पण सहसा खालच्या अंदाजापेक्षा जास्त नसतो. अंदाज मुद्दाम कमी ठेवण्याचीही रीत आहे, म्हणजे जास्त लोक बोलीला उतरतात. त्यामुळे ‘अंदाजाच्या तिप्पट भाव’ या बातमीला फारसा अर्थ नसतो.

हातोडा पडतो तो आकडा तुम्ही भरणार तो नव्हे. त्यावर लिलावघराचा बायर्स प्रीमियम चढतो. मोठ्या घरांत तो साधारण एक चतुर्थांश ते थोडा जास्त असतो आणि फार मोठ्या रकमांवर उतरत जातो. प्रीमियम २६ टक्के असेल तर १ लाखाची बोली १ लाख २६ हजारांना पडते. मग कर, आयातशुल्क, विमा, पाठवणी. न्यूमनच्या डेटोनावर हातोडा १ कोटी ५५ लाखांवर पडला होता. वरचे साडेबावीस लाख प्रीमियमचे.

बोली लावताना काय सांभाळायचं?

आपली कमाल रक्कम आधी सगळे खर्च धरून ठरवा आणि त्यावरून उलटं मोजत बोलीची मर्यादा काढा. दालनात, फोनवर, ऑनलाइन किंवा आधी लेखी बोली देऊन भाग घेता येतो. नोंदणी दोन-तीन दिवस आधी करा; मोठ्या लॉटसाठी (लॉट म्हणजे लिलावात मांडलेली एक वस्तू) बँकेचा दाखला किंवा अनामत मागतात. ऑनलाइन चित्र काही क्षण मागे असतं, शेवटच्या क्षणाची वाट बघणाऱ्याचा लॉट त्यामुळेच हुकतो.

दालनात कोणी हात वर करत नसताना बोली चढताना दिसली तर गोंधळू नका. राखीव किमतीपर्यंत विकणाऱ्याच्या वतीने बोली लावायची मुभा लिलावकर्त्याला असते, नियमांत तसं लिहिलेलंही असतं. राखीव किंमत ओलांडल्यावर मात्र समोर खरा बोलीदार असावाच लागतो.

कंडिशन रिपोर्ट कसा वाचायचा?

घड्याळाच्या स्थितीवरचा लिलावघराचा हा अहवाल वकिलाचा कागद वाचतो तसा वाचा. जे लिहिलं आहे त्यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते शोधा. केसविषयी चार वाक्यं आणि डायलविषयी ‘चांगल्या स्थितीत’ एवढंच असेल तर डायलबद्दल लेखी प्रश्न पाठवा: पुन्हा छापली आहे का, मसाला भरला आहे का, काटे या डायलबरोबरचेच आहेत का? मशीनचा फोटो, बाजूचा फोटो, झाकणाच्या आतला फोटो मागा. ‘आमच्या मते’, ‘असं दिसतं’, ‘बहुधा’ हे शब्द तिथे चुकून आलेले नसतात. घड्याळ चालतं आहे याचा अर्थ वेळ बरोबर दाखवतं असा नाही, आणि त्याचं ऑइलिंग कधी झालं हेही सहसा कोणी सांगत नाही. तो खर्च तुमचा धरून चला.

मोठी घरं अस्सलपणाची हमी देतात, बऱ्याचदा ५ वर्षांची. पण ती कॅटलॉगमधल्या ठरावीक मजकुरापुरतीच असते. बदललेली चावी किंवा घासलेली केस त्यात येत नाही. हे सगळं नियमांच्या बारीक अक्षरांत असतं. एकदा वाचायला तासभर लागतो.

घड्याळ चोरीचं निघालं तर?

नामांकित घरं लॉट छापण्याआधी क्रमांक ‘द वॉच रजिस्टर’सारख्या चोरीच्या घड्याळांच्या नोंदणीत तपासतात. खासगी खरेदीत ही तपासणी तुम्ही स्वतः पैसे भरून करून घ्यावी.

मगरीच्या कातड्याचा पट्टा सोबत येईल ना?

परदेशातून घेतलंत तर बहुधा नाही. संरक्षित प्राण्यांच्या कातड्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, त्यामुळे पट्टा काढून नुसतं घड्याळ पाठवतात. बकल मूळचं असेल तर ते मात्र मागून घ्या. त्यालाही किंमत आहे.

असं घड्याळ रोज घालता येतं का?

कधीमधी घाला, पण पाण्यापासून लांब. डायलवर कितीही मीटर लिहिलेलं असो, पन्नास वर्षांच्या रबरी कड्यांवर विसंबू नका. कॅलेंडर असलेल्या घड्याळात रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख बटणाने बदलू नका. त्या वेळी आतली चाकं एकमेकांत गुंतलेली असतात आणि दात तुटतो. असा दात नव्याने कापून घ्यावा लागतो आणि ते काम करणारे कारागीर फार थोडे आहेत.

गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

फक्त त्यासाठी असेल तर नको. घेताना प्रीमियम, विकताना कमिशन, मध्ये ऑइलिंग आणि विमा. हे सगळं भरून निघायलाच भाव बराच चढावा लागतो. आवडीही बदलतात. रोलेक्सच्या फुगीर पाठीच्या ‘बबलबॅक’ घड्याळांमागे १९८०च्या दशकात लोक वेडे होते. पुढे मोठ्या आकाराची हौस आली आणि त्यांना कोणी विचारेना. २०२२च्या वसंतानंतर नव्या स्पोर्ट्स घड्याळांचे भाव कसे घसरले ते अनेकांनी अनुभवलं. त्या पडझडीत उत्तम, छेडछाड न झालेली जुनी घड्याळं बऱ्यापैकी टिकून राहिली, पण त्यावरून पुढचं भाकीत करण्यात अर्थ नाही.

न विकल्या गेलेल्या लॉटचं काय होतं?

राखीव किमतीपर्यंत बोली न गेल्यास तो परत जातो. लिलाव संपल्यावर त्याच दिवशी लिलावघराला फोन करून विचारा. अनेक विक्रेते तेव्हा खालच्या अंदाजाखाली यायला तयार होतात, कारण ‘उठलं नाही’ हा शिक्का बसलेलं घड्याळ लगेच पुन्हा मांडणं अवघड असतं.

घरात जुनं घड्याळ सापडलं आहे, लिलावात द्यायचं आहे. आधी काय करू?

काहीच करू नका. पुसू नका, पॉलिश नको, फुटलेली काच बदलू नका. बंद असेल तर जोर लावून चावी देऊ नका. आतलं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही लिलावाआधी पाठवू नका. ते मनापासून चांगलं काम करतील, डायल आणि काटे नवे घालतील आणि जुने परत द्यायला विसरतील. घड्याळाची बरीचशी किंमत त्या जुन्या भागांतच होती.

पेटी, बिल, हमीपत्र, सुटी कडी, जुना पट्टा, ते मनगटावर असलेला एखादा फोटो, जे मिळेल ते एकत्र ठेवा. उजेडात समोरून, मागून आणि चारही बाजूंनी फोटो काढून निदान दोन लिलावघरांना पाठवा. प्राथमिक अंदाज बहुतेक घरं फुकट देतात. दोन्ही अंदाज आले की आकड्याइतकंच कमिशन, कॅटलॉगमधल्या फोटोचा खर्च, विमा आणि न विकल्यास परत पाठवण्याचा खर्च कोणाकडे, हे विचारा. घड्याळ चांगलं असेल तर यातल्या प्रत्येक गोष्टीवर घासाघीस होते, आणि ती करार सही करण्याआधीच होते.